गोळीबारानंतरचे अठरा दिवस

शार्पव्हिलमध्ये बहुतेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. ती माणसं पोलिसांवर चालून आली नव्हती, ती पळत होती. 21 मार्च 1960, सोमवार, दुपारी दीडच्या सुमारास. दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हाच्या ट्रान्सव्हाल प्रांतात, फेरीनिखिंग या औद्योगिक शहराला लागून असलेली ही काळ्या कामगारांची वस्ती. सरकारी आकड्यानुसार 69 मृत आणि 180 हून अधिक जखमी. मृतांमध्ये 8 स्त्रिया आणि 10 मुलं होती. प्रत्यक्ष गोळीबार एक मिनिटही चालला नसेल.

ही सगळी माणसं पोलीस ठाण्याबाहेर का जमली होती, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सारं त्यावर उभं आहे. ती अटक करून घ्यायला आली होती. काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात फिरायला, शहरात राहायला, कामावर जायला जवळ पास बाळगावा लागे. पोलिसांनी मागितल्यावर तो दाखवता आला नाही, तर तुरुंग. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसचे नेते रॉबर्ट सोबुक्वे यांनी लोकांना सांगितलं, की पास घरी ठेवा, ठाण्यावर जा आणि म्हणा, आमच्याकडे पास नाही, आम्हाला पकडा. जामीन घ्यायचा नाही, वकील द्यायचा नाही, दंड भरायचा नाही. मोहीम अहिंसक असेल, असं पत्र त्यांनी पोलीस आयुक्तांना आधीच पाठवलं होतं. आपल्याला ही रीत ओळखीची वाटेल. याच देशात, 1908 च्या ऑगस्टमध्ये, जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीबाहेर गांधीजींच्या नेतृत्वाखाली हिंदी लोकांनी आपली नोंदणीपत्रं जाळली होती. त्याला बावन्न वर्षं होत आली होती आणि कागदावरचं भांडण तसंच होतं.

शार्पव्हिलबद्दल वाचताना माझं मन गोळीबारापेक्षा त्यानंतरच्या दिवसांत जास्त अडकतं. एखाद्या ठाण्यावरचे घाबरलेले किंवा माजलेले शिपाई गोळ्या झाडतात, ही भयंकर गोष्ट जगात अनेक ठिकाणी घडली आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्री उठतात, शांतपणे बसतात, त्यांच्यासमोर आकडे असतात, सल्लागार असतात, विचार करायला वेळ असतो. तिथून पुढे जे होतं ते घाबरून झालं, असं कुणाला म्हणता येत नाही. दक्षिण आफ्रिकेचं सरकार पुढे तीन दशकं जगात एकटं पडत गेलं. त्या एकटेपणाचा पाया मला त्या एका मिनिटापेक्षा 21 मार्च ते 8 एप्रिल या अठरा दिवसांत दिसतो.

सुरुवात ठाण्यावरच्या अधिकाऱ्यापासून झाली. तिथले प्रमुख लेफ्टनंट कर्नल पिनार यांनी वार्ताहरांना जे सांगितलं त्याचा आशय असा होता, की हे लोक असं वागणार असतील तर त्यांना कठोर मार्गानेच धडा शिकावा लागेल. अशा बोलण्याबद्दल सरकारने त्यांना फटकारलं असतं, तर जगाला वेगळं काही कळलं असतं. पंतप्रधान हेंड्रिक फेरवुर्ड यांचा सूर मात्र पोलिसांची पाठराखण करण्याचाच राहिला. जखमींपैकी कित्येकांना रुग्णालयातच अटक झाली. पाठीत गोळी घेऊन खाटेवर पालथा पडलेला माणूस आणि शेजारी पहाऱ्यावर शिपाई. वेळ मिळालेल्या, विचार करू शकणाऱ्या सरकारचा हा पहिला प्रतिसाद होता.

परदेशातून पहिली ठळक प्रतिक्रिया वॉशिंग्टनहून आली, आणि तिची कहाणी मुत्सद्देगिरीच्या आतल्या खोल्यांबद्दल बरंच काही सांगते. 22 मार्चला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने जाहीर केलं, की मित्रदेशांच्या अंतर्गत कारभारावर आम्ही सहसा बोलत नाही, पण या जीवितहानीबद्दल खेद व्यक्त केल्यावाचून राहवत नाही. काळ्या जनतेला आपल्या रास्त तक्रारींची दाद शांततेने मिळेल, अशी आशाही त्यात होती. निवेदन सौम्यच, पण शीतयुद्धाच्या ऐन काळात सोनं आणि युरेनियम पुरवणाऱ्या मित्राला उद्देशून ते उघडपणे म्हटलं गेलं. परराष्ट्रमंत्री हर्टर यांना हे मुळीच रुचलं नाही. निवेदन वरिष्ठांच्या संमतीविना गेलं, हा शिष्टाचाराचा भंग झाला, असं त्यांनी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडे बोलून दाखवलं. म्हणजे तिकडे एकोणसत्तर प्रेतं पुरायची होती आणि इकडे चर्चा होती ती मित्राला आधी न कळवल्याची. तरीही त्यांनी निवेदन मागे घेतलं नाही. खालच्या पातळीवरच्या कुणीतरी घाईने, पण मनापासून लिहिलेली ती चार वाक्यं टिकली आणि अमेरिकेची अधिकृत भूमिका ठरली. त्या अनाम कर्मचाऱ्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्यानंतर असं काही घडलं, की क्षणभर वाटावं, सरकार शुद्धीवर येतंय. 26 मार्चला पासचे कायदे तात्पुरते स्थगित झाले. तुरुंग भरले होते, कारखाने थंडावले होते, देशभर अंत्यविधी चालले होते. काळ्यांची दुसरी मोठी संघटना आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, तिचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी त्याच सुमारास आपला पास जाहीरपणे जाळला. ज्या कागदासाठी इतकी माणसं मेली तो कागद पोलीस आता मागेनासे झाले. ही स्थगिती तशीच राहिली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी अनेकदा करते. पण एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात पास पुन्हा सक्तीचे झाले.

मधल्या काळात केपटाउनला जे घडलं ते शार्पव्हिलइतकंच लोकांना माहीत असायला हवं. 21 मार्चला तिथल्या लांगा वस्तीतही गोळीबार झाला होता, माणसं मेली होती. 30 मार्चच्या पहाटे पोलिसांनी वस्त्यांवर धाडी घातल्या, लोकांना घरांतून ओढून मारहाण केली. त्या सकाळी लांगाहून सुमारे तीस हजार लोक शहराकडे चालत निघाले. पुढे होता फिलिप क्गोसाना, तेवीस वर्षांचा, केपटाउन विद्यापीठातला विद्यार्थी, अर्ध्या चड्डीवर. संसद भवन जवळच होतं. एक दगड भिरकावला गेला असता तरी शार्पव्हिलपेक्षा भीषण काही घडलं असतं. पोलिसांच्या बाजूने कर्नल टेरब्लांश होते. त्यांनी गोळी झाडायचा हुकूम दिला नाही. ते या मुलाशी बोलले. न्यायमंत्र्यांशी संध्याकाळी तुझी भेट घालून देतो, लोकांना घरी पाठव, असं त्यांनी सांगितलं. क्गोसानाने ते मान्य केलं, मागे वळून लोकांना परत जायला सांगितलं, आणि तीस हजार माणसं शांतपणे परत गेली. त्यांनी कुणाला ओरबाडलं नाही की एखादी काच फोडली नाही.

संध्याकाळी क्गोसाना ठरल्याप्रमाणे भेटीसाठी आला, तेव्हा त्याला अटक झाली. त्याच दिवशी देशात आणीबाणी जाहीर झाली आणि पुढे हजारो लोक विनाचौकशी कोंडले गेले.

या घटनेवरून मी लवकर पुढे जाऊ शकत नाही. एका पोलीस अधिकाऱ्याने दिलेला शब्द सरकारने काही तासांत मोडला. टेरब्लांश यांनी रस्त्यावर जे कमावलं होतं, ते मंत्रालयात बसलेल्यांनी घालवलं. इतर देशांच्या प्रतिनिधींसाठीही हा दिवस महत्त्वाचा होता. केपटाउन ही संसदेची राजधानी, अधिवेशनाच्या काळात परदेशी वकिलाती तिथेच असत. काळ्या लोकांची गर्दी म्हणजे दंगल, हे सरकारचं म्हणणं त्या दिवशी भर शहरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खोटं ठरलं होतं. आणि सरकारशी बोलणी करायला आलेल्या माणसाचं काय होतं, हेही सगळ्यांना दिसलं होतं.

दोनच दिवसांनी, 1 एप्रिलला, न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेने 134 क्रमांकाचा ठराव केला. आशिया-आफ्रिकेतल्या 29 देशांनी बैठकीची मागणी केली होती, मसुदा इक्वाडोरने मांडला. दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं होतं, की हा आमच्या घरातला प्रश्न आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या दुसऱ्या कलमाप्रमाणे तुम्हाला त्यात पडायचा अधिकार नाही. गेली चौदा वर्षं हा युक्तिवाद बऱ्यापैकी चालला होता. आता तो पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणात पडला. तिथली परिस्थिती आंतरराष्ट्रीय तणावाला कारण झाली आहे आणि अशीच राहिली तर जागतिक शांततेला धोका पोहोचू शकतो, असं परिषदेने नोंदवलं. वर्णभेदाचं धोरण सोडून द्या, असं सरकारला बजावलं. अकरापैकी नऊ मतं ठरावाच्या बाजूने पडली, विरोधात एकही नाही. ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थ राहिले.

ब्रिटनचं तटस्थ राहणं मला आजही सलतं. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, 3 फेब्रुवारीला, पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांनी केपटाउनच्या संसदेत उभं राहून फेरवुर्डना तोंडावर सांगितलं होतं, की या खंडात बदलाचं वारं वाहतंय, आपल्याला आवडो न आवडो. ते बोलले तेव्हा त्यात धैर्य होतं. मग एकोणसत्तर माणसं मेल्यावर हात वर करताना तो हात का अडखळला? कारणं सगळ्यांना ठाऊक होती. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश भांडवल प्रचंड होतं, सायमन्सटाउनचा नाविक तळ होता, आणि दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारावर मत दिलं तर उद्या आपल्या वसाहतींवरही मतं दिली जातील, ही धास्ती होती. अल्जीरियातलं युद्ध चालवणाऱ्या फ्रान्सलाही तीच भीती होती. मला ही कारणं समजतात, पण ती पुरेशी वाटत नाहीत.

भारताची या बाबतीतली भूमिका आधीपासून स्पष्ट होती, आणि तिचा मला अभिमान वाटतो. 1946 साली, स्वातंत्र्य यायच्या आधीच, हिंदी लोकांच्या जमीनहक्कांवर घाला घालणाऱ्या कायद्याविरुद्ध भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. असं करणारा तो पहिला देश. तेव्हा तिथे आपले उच्चायुक्त होते वऱ्हाडातले बॅरिस्टर रामराव देशमुख. त्यांना परत बोलावलं गेलं. त्याच वर्षी विजयालक्ष्मी पंडित यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हा प्रश्न मांडला आणि दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे पंतप्रधान स्मट्स यांच्यासारख्या जगभर मान असलेल्या नेत्यासमोर ठराव जिंकून दाखवला. पुढची चौदा वर्षं भारत तेच सांगत राहिला, आणि पश्चिमेतली मोठी राष्ट्रं बहुधा ऐकून घेऊन गप्प बसत. शार्पव्हिलनंतर ती गप्प बसू शकली नाहीत. भारताच्या त्या चौदा वर्षांच्या चिकाटीविना सुरक्षा परिषदेचं दार इतक्या लवकर उघडलं नसतं, असं माझं मत आहे.

ठराव आला, आणि आठवड्याभरात, 8 एप्रिलला, सरकारने आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या दोन्ही संघटनांवर बंदी घातली. फेरवुर्ड यांच्या बाजूने पाहिलं तरी ही त्यांची सर्वांत मोठी चूक ठरते. देशातला विरोध त्यांना मिटवायचा होता, पण त्यांनी तो जगभर पाठवून दिला. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नेते ऑलिव्हर टांबो मार्च संपायच्या आत सीमा ओलांडून बेचुआनालँडमध्ये, म्हणजे आजच्या बोत्स्वानात, पोहोचले होते. पुढची तीस वर्षं ते लंडन, दारेसलाम, लुसाका असे राजधान्यांमधून फिरत राहिले. ज्या माणसाला स्वतःच्या देशात पासशिवाय रस्त्यावर चालता येत नव्हतं, त्याला राष्ट्रप्रमुख भेटीची वेळ देऊ लागले. 1967 मध्ये दिल्लीत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचं कार्यालय उघडलं आणि भारताने त्याला राजनैतिक दर्जा दिला. लंडनमध्ये 1959 पासून चाललेली दक्षिण आफ्रिकेच्या मालावरच्या बहिष्काराची छोटी चळवळ शार्पव्हिलनंतर मोठी झाली आणि वर्णभेदविरोधी चळवळ या नावाने पुढे दशकानुदशकं ब्रिटिश सरकारला छळत राहिली. जोहान्सबर्गचे बिशप अँब्रोज रीव्ह्ज यांनी जखमींच्या साक्षी जमवून गोळीबाराची हकीकत जगासमोर ठेवली. सप्टेंबरमध्ये सरकारने त्यांना देशाबाहेर काढलं, म्हणजे आणखी एक साक्षीदार बाहेरच्या जगाला मिळाला.

बंदीच्या दुसऱ्याच दिवशी जोहान्सबर्गच्या एका प्रदर्शनात एका गोऱ्या शेतकऱ्याने फेरवुर्ड यांच्यावर जवळून गोळ्या झाडल्या. ते वाचले. ते रुग्णालयात असताना, 19 एप्रिलला, मंत्रिमंडळातले ज्येष्ठ सदस्य पॉल साउअर यांनी हुमान्सडॉर्प या गावी एक भाषण केलं. दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासाचं जुनं पुस्तक शार्पव्हिलला मिटलं, असं ते म्हणाले. काळ्या लोकांच्या प्रश्नाकडे आता नव्याने आणि प्रामाणिकपणे पाहावं लागेल, पासच्या जाचात बदल करावा लागेल. हे साउअर कुणी विरोधी पक्षातले उदारमतवादी नव्हते. वर्णभेदाची मूळ आखणी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते, ती समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अशा माणसाला ते दिसलं. याचा अर्थ सरकारच्या आतही वाट होती, ती दाखवणारं माणूस होतं. सहकाऱ्यांनी लगोलग सांगितलं, की धोरण फक्त पंतप्रधान ठरवतात. फेरवुर्डनी खाटेवरूनच साउअर यांना बाजूला सारलं आणि आणखी ताठर होऊन परतले.

मे महिन्यात लंडनला राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांची परिषद भरली. जखमी फेरवुर्ड यांच्या जागी परराष्ट्रमंत्री एरिक लू आले. सदस्यांच्या घरगुती बाबींवर परिषदेत बोलायचं नाही, असा तिथला संकेत होता. मलायाचे तुंकू अब्दुल रहमान यांनी तो मानला नाही. लू यांनी पत्रकार परिषद घेऊन आपल्या धोरणाचं समर्थन केलं, तेव्हा तुंकू संतापले आणि सगळं उघड्यावर आलं. मग ऑक्टोबरमध्ये केवळ गोऱ्यांच्या सार्वमतात 52 टक्के लोकांनी प्रजासत्ताकाचा कौल दिला. प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहता येतं, ही सोय 1949 मध्ये भारतासाठी झाली होती. त्याच सोयीचा आधार घेऊन दक्षिण आफ्रिकेला आत राहायचं होतं, पण त्यासाठी इतरांची संमती हवी होती. मार्च 1961 मध्ये नेहरू, घानाचे एन्क्रुमा, तुंकू आणि कॅनडाचे डिफेनबेकर यांनी ती संमती सहज मिळू दिली नाही. आशियाई-आफ्रिकी सदस्यदेशांचे राजनैतिक प्रतिनिधी आपल्याकडे स्वीकारायचीही फेरवुर्ड यांची तयारी नव्हती. 15 मार्चला त्यांनी अर्ज मागे घेतला. मायदेशी विमानतळावर गोऱ्यांच्या गर्दीने त्यांचं विजयी वीरासारखं स्वागत केलं. त्यानंतर महिन्याभरातच ब्रिटनने संयुक्त राष्ट्रांत सांगितलं, की वर्णभेद हे इतकं अपवादात्मक प्रकरण आहे, की ते अंतर्गत बाब म्हणून सोडून देता येत नाही. जे एक वर्षापूर्वी अशक्य होतं, ते आता सहज म्हणता आलं.

पैशाने मात्र मला निराश केलं. शार्पव्हिलनंतर परदेशी भांडवल घाबरून पळालं, सोनं आणि परकी चलनाची गंगाजळी सव्वा-दीड वर्षात जवळपास निम्म्यावर आली, 1961 मध्ये सरकारला पैसा बाहेर न्यायला बंदी घालावी लागली. मग काही वर्षांत सगळं निवळलं, तुरुंग भरलेले आणि रस्ते शांत पाहून गुंतवणूकदार परतले, आणि साठचं दशक दक्षिण आफ्रिकेच्या अर्थव्यवस्थेसाठी भरभराटीचं ठरलं. सुरक्षा परिषदेने शस्त्रविक्रीवर ऐच्छिक बंदी 1963 मध्ये सुचवली. ती सक्तीची व्हायला 1977 चा नोव्हेंबर उजाडावा लागला, आणि तोवर जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीत रस्त्यावर शाळकरी मुलं मारली गेली होती, काळ्यांचे तरुण नेते स्टीव्ह बिको पोलीस कोठडीत संपले होते. 134 क्रमांकाच्या ठरावाला सतरा वर्षं उलटून गेली होती. कुठल्याही दडपशाहीनंतर निषेधाच्या बातम्या वाचून ज्यांना दिलासा वाटतो, त्यांनी ही सतरा वर्षं मोजावीत, असं मला कळकळीने वाटतं.

या सगळ्या घडामोडींत शार्पव्हिलची माणसं कुठे होती? दोनशेहून अधिक जणांनी सरकारकडे नुकसानभरपाई मागितली होती. कुणाचा कमावता मुलगा गेला होता, कुणाचा पाय. 1961 मध्ये संसदेने खास कायदा करून पोलिसांना आणि सरकारला पूर्वलक्षी संरक्षण दिलं आणि हे दावे निकालात निघाले. गोळीबाराबद्दल एकाही पोलिसाला शिक्षा झाली नाही. सोबुक्वे यांना तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि ती संपल्यावर त्यांच्या एकट्यासाठी कायद्यात कलम घालून त्यांना आणखी सहा वर्षं केपटाउनजवळच्या रॉबेन या तुरुंगाच्या बेटावर ठेवलं. आमसभेने 1966 मध्ये 21 मार्च हा वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला, तेव्हा सोबुक्वे त्या बेटावरच होते.

1994 मध्ये वर्णभेदी राजवट संपल्यानंतर त्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करायला सत्य आणि सलोखा आयोग बसला. त्याच्यासमोर शार्पव्हिलच्या लोकांनी अखेर आपली साक्ष दिली. 1998 मध्ये आलेल्या अहवालात आयोगाने स्पष्ट लिहिलं, की शांतपणे जमलेल्या नि:शस्त्र जमावावर पोलिसांनी जाणीवपूर्वक गोळीबार केला. साक्ष देणाऱ्यांपैकी जे 1960 मध्ये विशीत होते, ते तोवर साठीला टेकले होते.